न झालेल्या रोगाची मजुरी

दर महिन्याला आमच्या रुग्णालयात जंतुसंसर्ग नियंत्रण समितीची बैठक भरते आणि तिथे आकडे वाचण्याचं काम माझ्याकडे असतं. सिझेरियनच्या किती बायांच्या टाक्यांत पू झाला, सलाइनच्या सुईच्या जागी किती जणांना सूज आली, लघवीच्या नळीमुळे किती जणांना ताप भरला, कोणत्या कर्मचाऱ्याला सुई टोचली. एखाद्या रकान्यात आकडा दिसला की बैठक लांबते, कोणाच्या ड्युटीत झालं याची चौकशी होते. सगळे रकाने शून्याचे असले की बैठक लवकर आटोपते. चहा येतो, सह्या होतात, उठतात सगळे.

अशाच एका शून्याच्या महिन्यात प्रसूतिकक्ष पुसणाऱ्या मावशींनी मला अडवलं. त्या ठेकेदाराकडच्या, आणि त्यांचा पगार अडलेला होता. म्हणाल्या, "सिस्टर, रोग झाला तं डाक्टरले पैसे भेटते, औषधवाल्याले भेटते. रोग झालाच नाही तं त्याचे पैसे कोनाले भेटते?"

मी त्यांना ठेकेदाराच्या बिलाचं काय झालं ते सांगितलं. पण त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. जे घडलंच नाही त्याला मोल असतं का, असलं तर ते कोणी चुकवायचं, आणि ज्याला आपण सेवा म्हणतो तिचा पगार मागणं कमीपणाचं आहे का, हे तिन्ही प्रश्न त्या एका वाक्यात होते. मी बौद्ध घरातली, तत्त्वज्ञानात बाहेरून एम.ए. केलेली आणि पेशाने परिचारिका. या तिन्ही नात्यांनी मला त्या प्रश्नाचा विचार करणं भाग आहे.

आधी काम काय आहे ते सांगते. आमचं रुग्णालय चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला. मूल हे धानाचं गाव. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तिन्हीत्रिकाळ जंगलाशी व्यवहार असलेलं. रोवणीत चिखलात उभं राहून पाय सडलेल्या बाया येतात. पावसाळ्यात मलेरियाचा ताप येतो. मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता आणायला गेलेला, वाघाच्या किंवा अस्वलाच्या पंजानं फाटलेला माणूस येतो, आणि पंजातून वाचला तरी जखमेतून वाचेल की नाही हे पुढच्या काही दिवसांच्या ड्रेसिंगवर ठरतं. ते दिवस सांभाळायचे म्हणजे ऑटोक्लेव्हचं तापमान 121 अंशांपर्यंत जाऊन पुरेसा वेळ टिकलं का ते पाहायचं, एक टक्का हायपोक्लोराइट ताजं बनवायचं, सांडलेल्या रक्तावर ते ओतून थांबायचं आणि मगच पुसायचं, पिवळी पिशवी लाल पिशवीत मिसळू द्यायची नाही, सुया पांढऱ्या डब्यातच पडतील हे बघायचं, आणि सगळ्यांना, डॉक्टरांनाही, प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुवायला लावायचं. यातलं काहीही चुकलं नाही तर काहीही होत नाही. काहीही न होणं हेच या कामाचं फळ.

आता मोल बघा. राज्य शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात अधिपरिचारिका एस-13 या स्तरावर आहे, मूळ वेतन 35,400 पासून पुढे. कायम नोकरीतला सफाई कामगार एस-1 वर, 15,000 पासून. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत कंत्राटी परिचारिकेसमोर महिना 20,000 हा आकडा मी कितीदा वाचला आहे. तोच वॉर्ड, तीच सुई, तेच रक्त. ठेकेदाराकडून आलेल्या बाईचं नाव तर यातल्या कुठल्याच तक्त्यात नाही. संसर्ग नियंत्रणाची वेगळी परिचारिका मोठ्या, मानांकन घेतलेल्या रुग्णालयांत असते. तालुक्यात हे काम बहुधा 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येतं. कार्यभार वाढतो, वेतन तेवढंच. अमेरिकेत या कामाची स्वतंत्र परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे. तिथे पदवी, प्रमाणपत्र, अनुभवाची वर्षं, रुग्णालयातल्या खाटा आणि शहर पाहून पगार ठरतो. आपल्याकडे सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट एकच, कायम की कंत्राटी.

या सगळ्या निकषांत धोका कुठेच नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला वापरलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीची त्याहून बरीच कमी, एचआयव्हीची साधारण 0.3 टक्के. ही सुई पिशव्या उचलणाऱ्या हातांच्या सगळ्यात जवळ असते, आणि तेच हात वेतनाच्या सगळ्यात खालच्या ओळीत. घाणीशी जवळीक वाढते तसा पगार घटतो, असा हा तक्ता आहे.

खेड्यात जा, म्हणजे आशाताईंचा हिशेब दिसेल. 2005 साली आशा योजना आली, तेव्हापासून कागदोपत्री त्या स्वयंसेविका. ठरलेल्या मानधनाशिवाय कामागणिक मोबदला मिळतो. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंतच्या ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की 250 रुपये. विकृती येण्याआधीच कुष्ठरुग्ण शोधून दिला आणि निदान पक्कं झालं की 250, विकृती आल्यावर शोधून दिला तर 200. आमच्या जिल्ह्यात कुष्ठरोग काही इतिहासजमा झालेला नाही, म्हणून या दोन आकड्यांवर मी बराच वेळ थांबले. मधल्या पन्नास रुपयांत कोणाची तरी बोटं न वाकण्याची किंमत धरलेली आहे. रक्कम लाजिरवाणी आहे, पण तत्त्व बरोबर आहे. जे होऊ दिलं नाही त्याचीही नोंद घ्यायची, हे शासनानं एका जागी तरी मान्य केलं.

मलेरियाच्या रक्तनमुन्याचा दर पंधरा रुपये. नमुना पॉझिटिव्ह निघो की निगेटिव्ह, पंधरा रुपये मिळतात. हा दर ज्यानं ठरवला त्यानं, जाणून असो की नकळत, एक मोठी गोष्ट केली. शोधूनही काही सापडलं नाही, तरी शोधण्याचे कष्ट खरे होते असं त्यानं मानलं. या पंधरा रुपयांकडे मी पुढे परत येणार आहे.

'नसणं' ही खरीखुरी गोष्ट आहे का, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना. वैशेषिक दर्शनाच्या पदार्थांच्या यादीत पुढे अभाव हा सातवा पदार्थ म्हणून गणला गेला, आणि त्याचे प्रकार पाडले गेले. वस्तू निर्माण होण्याआधीचं तिचं नसणं म्हणजे प्रागभाव. ती नष्ट झाल्यावरचं नसणं म्हणजे प्रध्वंसाभाव. मला हे दोन शब्द पहिल्यांदा वाचताना आमचं रुग्णालयच डोळ्यांसमोर आलं. औषध देणारा रोगाचा प्रध्वंस करतो. तो दिसतो, कारण आधी रोग दिसलेला असतो आणि मग तो गेलेला दिसतो. आमच्या हातचं काम प्रागभाव राखण्याचं. जे आलेलं नाही त्याला न आलेलंच राहू देणं. नैयायिकांचं म्हणणं असं की प्रागभावाला सुरुवात नसते, पण त्याला शेवट असू शकतो. बाळंतिणीच्या टाक्यात पू झाला की तो संपला. म्हणजे तो राखावा लागतो. आणि जे राखावं लागतं त्याला राखणदार लागतो, राखणदाराला पोट असतं.

धम्मात हीच गोष्ट आचरणाच्या भाषेत येते. अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम चार प्रयत्नांचा सांगितला आहे. त्यातला पहिला प्रयत्न, मनात जे अकुशल अजून उपजलेलं नाही ते उपजू न देण्याचा. उपजलेलं अकुशल टाकून देण्याचा प्रयत्न त्यानंतर येतो. ज्या परंपरेनं प्रतिबंधाला व्यायाम म्हटलं, त्या परंपरेतल्या माणसाला 'काही झालं नाही म्हणजे काही केलं नाही' असं म्हणता येत नाही.

न घडलेलं मोजताही येतं. आमच्या शेजारीच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ते मोजून दाखवलं. 39 गावांत शिकवून तयार केलेल्या बाया घरोघरी नवजात बाळांकडे जात होत्या. बाळाला उबेत ठेवणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर औषध देणं, हे त्यांचं काम. शेजारच्या 47 गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंत 62 टक्के घट दिसली. 1999 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जी बाळं मेली नाहीत ती अशी मोजली गेली. अमेरिकेत 1974 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1985 साली आले. जिथे संसर्ग नियंत्रणाची नीट व्यवस्था होती आणि 250 खाटांमागे किमान एक परिचारिका त्या कामासाठी होती, तिथे रुग्णालयात लागणारे संसर्ग जवळपास एक तृतीयांशानं टळतात, असं त्यातून दिसलं. तेव्हा 'मोजता येत नाही म्हणून देता येत नाही' ही सबब उरत नाही.

तरी देण्याची रीत नाही, आणि ती आपल्याकडेच नाही असंही नव्हे. 1847 साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूतिकक्षात शंभरातल्या अठरा बाया दगावत होत्या. हात धुणं सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ते प्रमाण दोनाच्या आसपास आलं. त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. 1851 साली पेस्टच्या एका लहान रुग्णालयात त्यांना जे प्रमुखपद मिळालं ते बिनपगारी, मानाचं होतं.

मानाचं पद. इथे मी मावशींच्या प्रश्नाच्या अवघड भागाशी येते. कारण पगाराचं बोलणं निघालं की आमच्याकडे कोणीतरी सेवेचं बोलतो. बारा मेला परिचारिका दिन होतो, पुष्पगुच्छ मिळतो, भाषणात त्याग आणि समर्पण येतं. कोरोनाच्या काळात 22 मार्च 2020 ला थाळ्या वाजल्या. ते आवाज मनापासूनचे होते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि 'सेवेत पैसा बघू नये' हे मला खोटं वाटत नाही. पैशाकडे नजर ठेवून जखम धुणारी परिचारिका मलाही नको. मग पगार मागायचा की नाही?

मला याचं उत्तर विनयपिटकात सापडलं. महावग्गात ती गोष्ट आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या कामाला येत नव्हता. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. ही गोष्ट आमच्याकडे अनेकांना माहीत आहे. त्याच्या पुढचं कमी लोक सांगतात. तिथेच रुग्णसेवा करायला योग्य माणूस कोण, याची लक्षणं दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावं. काय सोसेल, काय सोसणार नाही हे कळावं. मलमूत्र, ओकारी, थुंकी काढताना किळस वाटू नये. वेळोवेळी धम्माच्या बोलण्यानं रुग्णाला धीर देता यावा. आणि सेवा मैत्रीच्या मनानं करावी, काही मिळेल या आशेनं नव्हे.

इथवर वाचून भाषणवाल्यांना आनंद होईल. पण लगेच पुढे दुसरा नियम येतो. आजारी भिक्खू मरण पावला तर त्याच्या पात्राचा आणि चीवरांचा मालक संघ. तरीही संघानं ती वस्त्रं आणि ते पात्र ज्यांनी त्याची सेवा केली त्यांना द्यावं, कारण सेवा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. आणि सेवा करणारा पूर्ण भिक्खू नसून श्रामणेर, म्हणजे नवशिका, असला तर? त्यालाही समान वाटा.

ज्यांनी घर सोडलं, पैशाला हात लावायचा नाही असं व्रत घेतलं, त्यांच्यातसुद्धा सेवेचा वाटा ठरवला गेला आणि खालच्या पायरीवरच्याला तो कमी दिला गेला नाही. या दोन नियमांकडे एकत्र पाहिलं तेव्हा माझा गुंता सुटला. लोभ न धरण्याची अट सेवा करणाऱ्यावर आहे. वाटा देण्याची अट संघावर आहे. दोन्ही अटी खऱ्या आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या गळ्यात आहेत. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा संघ आपली अट विसरतो आणि दुसऱ्याची अट त्याला वाचून दाखवतो. निःस्वार्थ राहणं हा माझ्या मनाचा विषय आहे. माझी निःस्वार्थता दुसऱ्या कोणाच्या बजेटातली बचत होऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 26 ऑक्टोबर 2016 च्या निकालात, जगजित सिंग यांच्या खटल्यात, समान कामाला समान वेतन हे तत्त्व कंत्राटी आणि तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं असं सांगितलं. श्रामणेराचा समान वाटा पाहता मला ते नवं वाटलं नाही.

बाबासाहेबांचं इथे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार वतनात काम रात्रंदिवसाचं, घरातल्या कोणावरही येऊन पडणारं, आणि मोबदला मात्र तुटपुंजा आणि गावाच्या मर्जीवर. कोणी किती धान्य द्यायचं, द्यायचं की नाही, हे देणारा ठरवणार. मानाचं नाव दिलेली ती गुलामी होती हे त्यांनी ओळखलं. मेलेलं जनावर ओढणं, गाव स्वच्छ ठेवणं, रोगराई गावाबाहेर काढणं, हे त्या काळातलं संसर्ग नियंत्रणच होतं. गाव त्या हातांवर जगत होतं आणि त्याच हातांना विटाळ म्हणत होतं. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात त्यांनी आमच्या भागातल्या लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा आमच्या वाडवडलांनी ते जुनं ओझं खाली ठेवलं. आजही रुग्णालयांच्या सफाईच्या हजेरीपटावरची आडनावं आणि डॉक्टरांच्या खोल्यांबाहेरच्या पाट्या शेजारी ठेवून वाचाव्यात. ओझं कोणाच्या डोक्यावर राहिलं ते कळेल. आणि ज्या बाईच्या पगाराची तारीख ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, तिच्याकडे पाहून मला वतनाचीच आठवण होते.

गाडगेबाबांची तसबीर अनेक सरकारी दवाखान्यांत असते. हातात खराटा. त्या तसबिरीखाली उभं राहून सफाईवाल्या बाईला सेवेचं महत्त्व सांगितलेलं मी ऐकलं आहे. बाबांचा शिरस्ता वेगळा होता. आधी गाव झाडायचं, मग भाकर घ्यायची. झाडण्याचा आणि भाकरीचा संबंध त्यांनी कधी तोडला नाही. त्यांचं नाव घेऊन भाकर लांबवणं हे त्यांच्या उलट जाणं आहे.

बाबा आमटे यांचं कामही आमच्याच जिल्ह्यातलं. वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैल्याच्या टोपल्या स्वतः डोक्यावर वाहिल्या. पुढे कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन झालं आणि मूलपासून जवळच सोमनाथला कुष्ठमुक्त माणसांनी जंगलाकाठी धान पिकवलं. दयेचं दान त्यांना नको होतं, घामाचं मोल हवं होतं. ज्याला समाजानं रोगी म्हणून टाकलं त्यालाही मोलाचं काम देणं हे तिथे उपचाराइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं.

आता एक आक्षेप, जो मी स्वतःला नेहमी विचारते. न झालेल्या रोगाचे पैसे द्यायचे ठरवले, तर लोक रोग लपवणार नाहीत का? लपवतील. शून्याला बक्षीस लावलं की शून्य लिहिलं जातं. पू झालेली जखम नोंदवहीत येत नाही, टोचलेली सुई सांगितली जात नाही, आणि ज्या वॉर्डात नोंद प्रामाणिक असते तोच वॉर्ड वाईट दिसू लागतो. अभावाचं हे वैशिष्ट्य आहे. तो खरोखर राखता येतो, तसा कागदावर खोटाही उभा करता येतो. म्हणून शून्याची किंमत करू नये.

इथे ते पंधरा रुपये कामाला येतात. ते निकालाचे नाहीत, रक्ताचा नमुना घेण्याच्या कष्टाचे आहेत. संसर्ग नियंत्रणाचं मोल असंच ठरलं पाहिजे. ऑटोक्लेव्हची पट्टी रोज तपासली का, हायपोक्लोराइट ताजं होतं का, सुई टोचली तेव्हा लगेच सांगितलं का, याचे कष्ट मोजावेत, आणि वाईट आकडा खरा लिहिणाऱ्याचा मान राखावा. सम्यक व्यायाम प्रयत्नाचं नाव आहे, फळाचं नाही. फळ आपल्या एकट्याच्या हातात नसतं. वाघानं फाडलेल्या मांडीत जंतू किती खोल गेले हे कोणाच्याच हातात नसतं. प्रयत्न मात्र पूर्णपणे माणसाचा असतो, म्हणून वाटाही प्रयत्नाला मिळावा. दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी 2015 पासून असलेल्या 'कायाकल्प' योजनेत बक्षीस मिळवणाऱ्या दवाखान्याच्या रकमेतला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी असतो. ही चांगली सुरुवात आहे. तो वाटताना पिवळी पिशवी वाहणारी बाई त्यात मोजली जाते का, हे प्रत्येक ठिकाणी विचारायला हवं.

मावशींना मी आता उत्तर देऊ शकते. न झालेल्या रोगाचे पैसे तुम्हाला मिळायला हवेत, आणि ते उपकार म्हणून नकोत. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेली पूर्ण रक्कम, बँकेत. त्यासोबत हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस, जाड हातमोजे, गमबूट. समितीच्या बैठकीत बसायला खुर्ची, कारण प्रसूतिकक्षाची फरशी तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही. आणि तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतका वाटा.

हे देणारा संघ आता चीवर घातलेल्यांचा राहिलेला नाही. तो आपण आहोत. ज्यांची सून बाळ घेऊन ताप न येता घरी आली, ज्यांची जखम चिघळली नाही, ते सगळे या संघात आहेत. सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात गावाचे प्रतिनिधी बसतात. त्यांना विचारा, सफाईच्या बायांचा या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आपण ज्यांच्या हातून वाचलो त्यांचा वाटा दिला गेला का, हे पाहणं हा धर्माचरणाचाच भाग आहे, मग आपला धर्म कोणताही असो.